भिंतीपलीकडचा पीळ

फेसमामांची गोष्ट मी सांगतोय, कारण ते स्वतः ती कधी सांगणार नाहीत आणि मला सांगितल्यावाचून राहवत नाही. कँटीन चालवणाऱ्या माणसाला चहाच्या वाफेबरोबर सगळ्यांची बित्तंबातमी मिळते, आणि ती पोटात ठेवली की माझं पोट बिघडतं. यातली एक गोष्ट मात्र मी दोन वर्षं पोटात ठेवली. माझ्या बायकोलासुद्धा सांगितली नाही. तिला हे वाचून धक्का बसेल, बसू दे.

माझ्या कँटीनसमोर रस्ता, रस्त्यापलीकडे कुंपण आणि कुंपणाच्या आत जहाज. जहाज म्हणजे बिनखिडक्यांची एक लांबलचक लोखंडी इमारत. जागची तसूभर हलत नाही. नवखी माणसं चहा पिता पिता विचारतात, "हे निघणार कधी?" मी सांगतो, "कधीच निघालंय. तुमची नजर अधू त्याला मी काय करू?"

खरं तर ती रंगीत तालीम आहे. ताऱ्याकडे माणसं पाठवायची, तर आधी ती इतका काळ बंद डब्यात टिकतात का ते बघायला हवं. एका चष्मेवाल्या इंजिनीअरने मला हे समजावलं होतं. माझ्या गल्ल्यावर टिचकी मारून म्हणाला, "हा सूर्य धरा काका. मग सगळ्यात जवळचा तारा कुठे येईल?"

"समोर, न्हाव्याच्या दुकानात?"

"समुद्र ओलांडून दुसऱ्या खंडात."

"बाप रे. पोचायला किती वेळ?"

"आजच्या वेगाने हजारो वर्षं. मनासारखं इंजिन जमलं तर दोन-तीन पिढ्या."

"म्हणजे निघणारा पोचणार नाही, आणि पोचणाऱ्याला निघताना कुणी विचारलेलं नसणार."

तो हसला. "इंजिनाचं बघू हो आम्ही. माणसांचं काय करायचं तेच कळत नाही."

तर ते कळावं म्हणून काही कुटुंबं बारा वर्षांसाठी आत गेली आणि दार बंद झालं. आतली हवा आतच, पाणी आतच. आज प्यालेलं पाणी चार दिवसांनी पुन्हा प्यायचं, आणि मधल्या काळात ते कुठे कुठे जाऊन आलं याचा विचार करायचा नाही. भाजी आत पिकवायची, दात आत उपटायचे, भांडणं आतच मिटवायची.

सगळ्यात वाईट नियम निरोपाचा. जहाज जसजसं लांब जाणार, तसतसा बोललेला शब्द पोचायला उशीर होणार. प्रकाशालाही वाट चालावीच लागते. म्हणून आतून कुणी काही बोललं की एक यंत्र ते अडवून धरायचं आणि ठरल्या वेळानेच बाहेर सोडायचं. खऱ्या प्रवासात हे अंतर सावकाश वाढेल, पण इथे परीक्षा बारा वर्षांत उरकायची, म्हणून यंत्र ते भराभर वाढवायचं. पहिल्या वर्षी निरोप आठवडाभर उशिरा यायचा. चौथ्या वर्षी वर्षभर उशिरा. मधली भिंत केवढी? वीतभर. त्या वीतभर भिंतीतून "आई, कशी आहेस?" बाहेर यायला वर्ष लागायचं.

आता मामा.

फेसमामा नळजोडणीच्या धंद्यातले, आणि त्यातही गळती शोधण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. एक जुना वाडगा, त्यात साबणाचा फेस, हातात दाढीचा ब्रश. सांध्यावर फेस लावायचा आणि बघत बसायचं. गळती असेल तिथे बुडबुडा फुगतो. हे वेड इतकं, की लेकीच्या सासरी पहिल्यांदा जेवायला गेले ते थेट स्वयंपाकघरात शिरून गॅसच्या नळीला फेस लावत बसले. पानं वाढलेली, व्याही ताटकळलेले, आणि हे आतून ओरडतात, "सापडली!" विहीणबाईंनी त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलणं टाकलं. मामा म्हणायचे, "बोलेनात का. जिवंत आहेत ना?"

गळती बुजवायची त्यांची रीत वेगळी होती. सुताचे दोन पदर मांडीवर वळून पीळ करायचा, तो दुमडून चिकट लुकणात भिजवायचा आणि बारीक तारेने दुमडलेलं टोक फटीतून आरपार ढकलायचं. पलीकडे टोक फुगलं की पीळ मागे ओढायचा. तो असा घट्ट बसतो की पुन्हा त्या फटीकडे बघायला नको.

त्यांच्या एकुलत्या एका लेकीला सगळे डावरी म्हणायचे. ती डावखुरी. लहानपणापासून बापाशेजारी मांडी घालून सूत वळायची, पण डाव्या हाताने, त्यामुळे पीळ उलटा पडायचा. मामा तो उकलून टाकायचे. ती पुन्हा तसाच वळायची.

"उलटा झाला गं."

"धरतो ना पण, बाबा?"

"धरतो."

"मग?"

या "मग?"पुढे मामांचं कधी काही चाललं नाही. पीळ ओढतानाची त्यांची एक शिकवण मात्र तिने जशीच्या तशी उचलली. ते म्हणायचे, "हिसडा द्यायचा नाही. एकदा हलकेच ओढायचं, थांबायचं, मग पुन्हा. त्याला विचारायचं, बसलास का बाबा?"

जहाजाचे सांधे मामांनीच तपासले. सगळे. महिनोन्‌महिने वाडगा घेऊन भिंतीला चिकटलेले असायचे. मी चिडवायचो, "मामा, एखादं भोक ठेवा हो, आतल्यांना तेवढाच विरंगुळा." ते म्हणायचे, "कँटीन, तू तुझ्या किटलीचं भोक बघ."

मग आत जायला गळती शोधणारं माणूस हवं झालं. मोठ्या बाईंनी (म्हणजे तिथल्या प्रमुख, आवाज असा की किटलीनेही उकळायचं थांबावं) मामांना विचारलं. मामांचं वय जास्त भरलं. आणि माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या बाकावर बसून, मामा छाती फुगवून म्हणाले, "माझ्यापेक्षा चांगली एक आहे."

झालं. डावरी आत गेली, सोबत तिचा नवरा. तो माळी होता, वांग्याच्या रोपांशी तासन्‌तास बोलायचा आणि सासऱ्याशी एक अक्षर नाही. जाताना ती खूष होती. "बाबा, विचार करा, उद्या खरं जहाज निघेल ते माझ्या पिळावर," असं म्हणाली. त्या दिवसापासून मामींनी मामांना त्यांचंच बाकावरचं वाक्य दोन वेळच्या जेवणाबरोबर वाढलं. भाजीत मीठ कमी आहे म्हटलं, की "माझ्यापेक्षा चांगली एक आहे, तिच्याकडून आणा."

चौथं वर्ष सरत आलं होतं. महिन्यातून एकदा नातेवाइकांनी निरोपाच्या खोलीत जायचं. लांब बाकं, भिंतीवर एक स्पीकर. पाळी आली की आपल्या माणसाचा आवाज ऐकायचा. मी बिस्किटांचा ट्रे घेऊन तिथे असायचोच. ट्रे हे निमित्त, हे सगळ्यांना माहीत होतं.

डावरीचा आवाज आला. बारीक, धापा टाकत. "बाबा, पोटात उजवीकडे फार दुखतंय. ताप उतरत नाहीये. डॉक्टर म्हणतात, उद्या सकाळी पोट उघडावं लागेल. आईला सांगू नका हं. ती घाबरेल."

आई शेजारीच बसली होती.

आतला तो एकुलता एक डॉक्टर माझं जुनं गिऱ्हाईक. चहात बिस्किट बुडवताना त्याचं बिस्किट हमखास तुटून कपात पडायचं. इतक्या वर्षांत एकदाही ते त्याच्या तोंडापर्यंत धड पोचलेलं मी पाहिलं नाही. तो हात आठवला आणि मी बिस्किटांचा ट्रे बाकाखाली सरकवला.

मामी उठल्या आणि सरळ मोठ्या बाईंसमोर उभ्या राहिल्या. "आत्ता कशी आहे ती? आत्ता?"

"मला माहीत नाही."

"तुम्हाला माहीत नाही? मग कुणाला?"

"यंत्राला. ते आम्हीसुद्धा उघडू शकत नाही. ताऱ्यांच्या वाटेवर कुणाच्या पाया पडणार आहात?"

"मग पुढचा निरोप?"

"सहा महिन्यांनी," बाई म्हणाल्या. वर्ष पालटत होतं. यंत्र निरोप आणखी सहा महिने मागे ढकलणार होतं. म्हणजे सहा महिने स्पीकर मुका.

ते पोट वर्षापूर्वीच उघडलं गेलं होतं. जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. ती बातमी भिंतीच्या त्या बाजूला जुनी होऊन धूळ खात पडली होती आणि या बाजूला अजून जन्मली नव्हती.

मामा दुसऱ्या दिवशी वाडगा घेऊन भिंतीशी गेले.

दार उघडण्याचा एकच मार्ग त्यांना ठाऊक होता: गळती. गळकं जहाज हे जहाज नाही. गळती निघाली तर तालीम मोडते. गळती आहे का हे बाहेरून बघत राहणं हे त्यांचंच काम होतं, पण आजवर ते ऐटीत करायचे, नाही हे सिद्ध करायला. आता ते सांध्यांपुढे गुडघे टेकून गयावया करत होते. लोखंडाच्या प्रत्येक जोडाशी कान लावायचे. फेस वाळून ओठांना लागलेला, नखं साबणाने पांढरी झालेली. कुठेच बुडबुडा नाही. कारण ते सांधे कुणी भरले होते? यांनीच. एकदा मी चहा घेऊन गेलो तर भिंतीला शिव्या देत होते. "कोण गाढवाने इतकं पक्कं काम केलंय!"

"मामा, ते गाढव माझा चहा गार करतंय."

नेहमीसारखे ते हसले नाहीत. कपाकडे बघत म्हणाले, "कँटीन, मी आयुष्यात एक काम जरी वाईट केलं असतं ना..." आणि पुन्हा ब्रश उचलला.

दाढी वाढली, पाठ वाकली. मामी रोज डबा आणायच्या आणि रोज न उघडलेला परत न्यायच्या. आता त्या टोमणाही मारत नव्हत्या, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटायची.

मग एका उन्हाच्या दुपारी आरोळी आली. "सापडली!" मी किटली विस्तवावर ठेवून धावलो. इमारतीच्या मागच्या अंगाला, सांडपाण्याच्या नळाजवळ, गुडघ्याच्या उंचीवर जोडाला केसाएवढी चीर गेली होती. ऊन-थंडीने लोखंड ताणलं असणार. तिच्यावर एक बुडबुडा फुगत होता. फुटला. दुसरा आला. मामा लहान पोरासारखे बोटाने दाखवत होते. "आतली हवा आहे ही! तिकडची! बघ, बघ!" आणि मी काय सांगू, ते त्या बुडबुड्यापाशी नाक नेऊन वास घेत होते.

मोठ्या बाई आल्या. वाकून बघितलं. म्हणाल्या, "आठ दिवस."

"म्हणजे?"

"आतल्यांना सांगायचं नाही. वाटेत त्यांना कोण सांगायला येणार? त्यांची त्यांनी शोधून आठ दिवसांत बुजवली, तर तालीम पुढे चालू. नाही बुजवली तर नवव्या दिवशी दार उघडायचं."

मामांना तेवढंही पुरलं. "नाही सापडायची त्यांना! नळाच्या मागे आहे, अडचणीत आहे. कशी सापडेल?" हात जोडून, उड्या मारत, रडत, हसत ते मला मिठी मारायला लागले. तेवढ्यात मामी डबा घेऊन आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. डबा खाली ठेवला.

"अहो," त्या म्हणाल्या, "आतून ती बुजवायला येणार कोण?"

"कोण म्हणजे?"

"जावई येणार? त्याला झारीपलीकडे काही धरता येतं का? गळती शोधणारी तीच ना एक?"

मामांचा हात माझ्या खांद्यावरून निसटला.

"गळती तशीच राहिली तर दार उघडेल," मामी म्हणाल्या, "पण मग त्या दारातून कोण बाहेर येणार नाही, ते तुम्हाला कळतंय ना?"

आणि बुजली, तर लेक आहे. पण दार मिटलेलं, अजून आठ वर्षं. हे त्या बोलल्या नाहीत.

त्यानंतरचे दिवस मी कुणाच्या वाट्याला येऊ नयेत म्हणेन. मामा त्या चिरेसमोर पोतं टाकून बसून राहिले. फेस लावायचे. बुडबुडा आला की चेहरा उजळायचा, आणि लगेच, त्याच बुडबुड्यापायी, काळवंडायचा. मामी शेजारी बसायच्या. एकदा मामा पुटपुटले, "बुजव गं." थोड्या वेळाने म्हणाले, "नको बुजवू." मामींनी तोंडावर पदर घेतला. मी चहाचे कप भरलेले नेले आणि भरलेलेच परत आणले. कँटीनमधल्या टवाळांनी पैजा लावायला सुरुवात केली तेव्हा मी त्यांच्या पुढ्यातल्या बशा उचलल्या आणि त्यांना बाहेर काढलं. त्यातला एक माझा मेहुणा होता, पण तो निराळा विषय आहे.

आठवा दिवस उजाडला. बुडबुडे येतच होते. मामींना सकाळी भोवळ आली, म्हणून शेजारणीने त्यांना घरी नेलं. दुपारी भिंतीशी मामा आणि मी, दोघंच. मामांचा चेहरा बघवत नव्हता. ते आता कशाचीच आशा करत नव्हते. संध्याकाळी मुदत संपणार, उद्या दार उघडणार, आणि आतून कुणीतरी खाली मान घालून बाहेर येणार, एवढंच त्यांना दिसत असावं.

मी म्हणालो, "मामा, घोटभर घ्या."

"थांब," ते म्हणाले.

बुडबुडा फुगता फुगता अडखळला. मग फुटला, आणि पुढचा आलाच नाही. चिरेत काहीतरी हललं. तारेचं टोक दिसलं, चकाकलं, आत गेलं. पुन्हा आलं. आणि तारेसोबत, लुकणाने माखलेलं, सुताचं एक दुमडलेलं टोक हळूच बाहेर येऊन फुगलं. तांदळाएवढं.

मामांनी चष्मा पुसला. अगदी जवळ गेले. मग माझ्याकडे वळले. बोट हवेत गोल फिरवून दाखवत होते. उलटं.

पीळ उलटा होता.

ती होती. वर्षापूर्वीची नाही, सहा महिन्यांपूर्वीची नाही. आत्ता, या घटकेला, वीतभर पलीकडे, गुडघ्यांवर बसून.

आणि मग मामांनी ते केलं, जे मी दोन वर्षं कुणाला सांगितलं नाही. त्यांनी त्या टोकात नखं रोवली आणि पीळ धरला.

माझ्या लक्षात यायला क्षणभर गेला. लुकण ओलं होतं. एक हिसडा, की सबंध पीळ बाहेर. दुसरा वळून, भिजवून, ढकलायला संध्याकाळ उलटली असती. दार उघडलं असतं. आणि ती चालत बाहेर आली असती, जिवंत. आठ दिवस ज्या दोन गोष्टींपैकी एकच मिळणार होती, त्या दोन्ही आता त्यांच्या दोन नखांमध्ये होत्या.

"ओढा," मी म्हणालो. होय, मीच म्हणालो. "मामा, ओढा! मी काही पाहिलं नाही!"

तेवढ्यात पलीकडून ओढ आली. हलकीच. मग थांबली.

मामांनी सोडलं नाही.

पुन्हा ओढ. तशीच हलकी. हिसडा नाही. थांबली. जणू भिंत विचारत होती, बसलास का बाबा?

तिसऱ्यांदा ओढ आली, आणि मामांनी बोटं उघडली. टोक चिरेत सरकलं, फुगलं, घट्ट बसलं. त्यांनी ब्रश फेसात बुडवला, चिरेवर फिरवला आणि बघत बसले. बुडबुडा आला नाही.

"का?" मी विचारलं. "का सोडलंत?"

"ती विचारत होती रे," मामा म्हणाले. मग पोत्यावर आडवे झाले आणि जनावरासारखे रडले.

मामींना त्यांनी एवढंच सांगितलं की बुजली, पीळ उलटा होता, आहे ती. मामींनी त्यांचे साबणाने फुटलेले हात धरून डोळ्यांना लावले. मी तिथेच उभा होतो, जीभ दातांखाली धरून.

पुढे यथावकाश निरोप आला की पोट उघडलं, शिवलं, बरी आहे. डॉक्टरचा हात चांगला आहे म्हणाली. यावर मी अजूनही विश्वास ठेवलेला नाही. मग दर वर्षी यंत्र निरोप आणखी मागे ढकलत राहिलं, आणि गळतीचा निरोप बाहेर यायला दोन वर्षं लागली. गेल्या महिन्यात आला.

तीच खोली, तीच बाकं. डावरीचा आवाज भक्कम होता. "बाबा, आज एक चीर सापडली, नळामागे. आठ दिवस शोधत होते, हवेचा काटा खाली चालला होता, सगळे घाबरलेले. पीळ घातला, पण गंमत म्हणजे तो पलीकडे अडकला. ओढला तर येईना. बाहेर तर काहीच नाही ना, पोकळी. मग अडकला कशाला? दोनदा ओढला. मी म्हटलं, आता तुटतो. आणि तिसऱ्यांदा एकदम सुटला. कुणीतरी सोडल्यासारखा." मग म्हणाली, "मला घरी यायचंय, बाबा. हे आईला सांगू नका."

स्पीकर बंद झाला.

मामी सावकाश वळल्या आणि मामांच्या बोटांकडे बघू लागल्या. मामांनी ती मुठीत लपवली. मी ट्रे घेऊन उगाचच दाराकडे सरकलो.

"तुम्ही धरला होतात," मामी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी चहा घेऊन गेलो तर मामा नेहमीसारखे भिंतीशी होते. मामी तरातरा चालत आल्या. वाकून त्यांनी वाडगा उचलला आणि हात पुढे केला.

"ब्रश द्या."

"अगं, तुला कसं..."

"द्या म्हणते ना. आता मी शोधणार. आणि मला सापडला पीळ, तर मी सोडणार नाही."

मामांनी ब्रश दिला. मामी भिंतीच्या पार दुसऱ्या टोकाला गेल्या, गुडघे टेकले आणि पहिल्या सांध्यापासून फेस लावायला सुरुवात केली.